तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाला फोटोग्राफर कोण घ्यावा?

तुळशीचं लग्न लागलं की माझा फोन सुरू होतो. मी फोटोग्राफर नाही. साताऱ्यात घरी बसून लग्नाचे अल्बम डिझाइन करते. फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतात, मी पानं लावते, फाइल लॅबला जाते. पण नात्यात, सोसायटीत ज्यांच्याकडे कार्य निघतं त्यांचा प्रश्न ठरलेला: "तुला सगळे माहीत असतील ना? कुणाला सांगू? आणि एवढे मागतात ते बरोबर आहे का?"

नाव मी कुणाचंच सांगत नाही. एकाचं घेतलं की बाकीचे काम देणं बंद करतील, हे उघड कारण. शिवाय अमका चांगला म्हणून तुमच्या लग्नाला तो चांगलाच ठरेल असंही नाही. बघायचं कसं, ते मात्र सांगू शकते. कारण मला जे दिसतं ते इन्स्टाग्रामवर दिसत नाही. कार्डातून उतरवलेलं सगळं माझ्याकडे येतं: मिटलेले डोळे, हललेले हात, नवरीच्या चेहऱ्यावर आलेली कुणा काकांची कोपरं. एका लग्नाचे दोन-तीन हजार फोटो सहज होतात आणि त्यातून माणूस कळतो.

म्हणून फोटोग्राफरला "तुमचं काम दाखवा" एवढंच म्हणू नका. निवडक वीस फोटो कुणाचेही छान असतात. एक अख्खं लग्न दाखवा म्हणा, देवकापासून पाठवणीपर्यंत, आणि तुमच्यासारख्याच कार्यालयातलं. मेणवलीच्या घाटावर संध्याकाळच्या उन्हात कोणीही बरा फोटो काढतो. खरी परीक्षा आपल्या कार्यालयात होते. वर ट्यूबलाइट, एका बाजूला उघडी खिडकी, स्टेजवर डेकोरेटरने सोडलेले जांभळे-गुलाबी एलईडी, आणि पाठीमागे एलईडीची भिंत असली तर कॅमेऱ्यात तिचे आडवे पट्टे. अशा ठिकाणी नवरीचा रंग माणसासारखा आला असेल तर त्या माणसाला काम येतं.

हळदीचे फोटो आधी उघडून बघा. हल्ली अंगणात पिवळ्या कापडाचा मांडव घालायची टूम आहे. दिसायला झकास, पण भर दुपारी ऊन त्या कापडातून गाळून खाली येतं आणि आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे पिवळेधमक होतात. मग गालावर लावलेली हळदच दिसत नाही. "कॉम्प्युटरवर ठीक होईल ना?" असं मला विचारतात. पुरतं होत नाही. चेहरे सावरायला गेलं की मांडवाबाहेरचं अंगण निळं पडतं. जाणता फोटोग्राफर आदल्या दिवशी येऊन मांडव बघतो आणि वरचं कापड पांढरं घ्यायला सांगतो, पिवळं हवंच असेल तर बाजूंना लावा म्हणतो. असं बोलणारा भेटला तर बाकी फार चौकशी करू नका.

दुसरा प्रश्न: एक फोटोग्राफर पुरेल का? दोन घ्या. हा खर्च मला उधळपट्टी वाटत नाही, आणि त्याचं कारण अंतरपाट. मधे कापड धरलेलं, एका बाजूला ती, एका बाजूला तो. एकट्या कॅमेऱ्याला एका वेळी एकच बाजू मिळते. मंगलाष्टकं चांगली लांबतात, हौशी आत्याने स्वतः रचलेली असतील तर आणखी लांबतात. तेवढ्या वेळात नवरीच्या चेहऱ्यावर बरंच काही येऊन जातं. पाठीशी मामा उभा असतो, तिकडे करवली झोपाळलेली असते. मग शेवटचं "सावधान" होतं, अंतरपाट खाली येतो, वाजंत्री कडाडते, सगळं कार्यालय पुढे सरकतं, आणि दोघं एकमेकांकडे बघतात ते दोन-तीन सेकंद. एकटा माणूस समोर उभा राहील तर त्याला दोघांच्या फक्त कडा दिसतात. एका बाजूला गेला तर दुसरी गेली. दोघं असले की माझ्याकडे दोन चेहरे येतात. बारा बाय छत्तीस इंचाचं पान उलगडलं की डावीकडे ती, उजवीकडे तो, आणि घडीच्या जागी खाली येणारा अंतरपाट. हे पान लावायला मला अजूनही मजा येते.

तिथेच अक्षतांचंही कळतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की जवळून उडणारे तांदूळ आधी उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. त्यातला एखादा हमखास नवऱ्याच्या नाकावर. अनुभवी माणूस लाइट बाजूला लावून ठेवतो. दाखवलेल्या अख्ख्या लग्नात अक्षतांचे फोटो नीट बघा.

आता विधी. फोटोग्राफरला आपले विधी माहीत आहेत असं धरून चालू नका. परप्रांतातून आलेली उत्तम काम करणारी मुलं आहेत, पण इथलीच मुलंही गोंधळतात, कारण घराघरात क्रम वेगळा. मुहूर्ताच्या आधी नवरी आतल्या खोलीत गौरीहराशी बसलेली असते आणि त्याच सुमारास दारात नवरदेव येतो. बँड, फटाके, फेटे, सगळे कॅमेरे तिकडे पळतात. ती एकटी अन्नपूर्णेसमोर बसलेली, हा फोटो कितीतरी अल्बमांत नाही म्हणजे नाही. कानपिळी तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर संपते. तेव्हा गुरुजींकडून क्रम लिहून घ्या आणि फोटोग्राफरच्या हातात द्या. सोबत घरातलं एक माणूस द्या, शक्यतो सगळ्यांना नावाने ओळखणारी मावसबहीण. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली म्हातारी ही नवरीची पणजी आहे, हे परक्या माणसाला कसं कळावं? अल्बम घरी गेल्यावर सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. स्टेजवर रांगेत उभ्या राहिलेल्या ऑफिसच्या लोकांचे चाळीस फोटो असतात आणि आजीचा एक नसतो.

बुकिंग करताना विचारायचा सगळ्यात नाजूक प्रश्न म्हणजे "येणार कोण?" मुहूर्त सगळ्यांचे त्याच तारखांना. मोठा स्टुडिओ एका दिवशी चार-चार कामं घेतो आणि माणसं फ्रीलान्सवर बोलावतो. यात फसवणूक नाही, धंदा असाच चालतो. पण तुम्ही भाळलात एकाच्या कामावर आणि दारात उभा राहिला भलताच, असं नको. येणाऱ्याचं नाव घ्या, त्याचं काम बघा, आणि कागदावर लिहून घ्या.

त्याच कागदावर अल्बमचा आकार, शीट किती, जास्तीच्या शीटला काय पडणार, कागद मॅट की मेटॅलिक, हेही येऊ द्या. सांगितलेल्या रकमेत जीएसटी आहे का, तेही विचारा. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की त्याला नोंदणी लागते आणि मग अठरा टक्के लागतात. शेवटच्या बिलात ते दिसलं की तोंडं वाकडी होतात.

फोटोंवर हक्क कुणाचा, हे फार कमी लोक विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा, म्हणजे तुम्ही. वेगळा करार केला नसेल तर. ही शेवटची अट महत्त्वाची. बऱ्याच जणांच्या छापील करारात हक्क त्यांच्याकडे ठेवलेला असतो, किंवा फोटो जाहिरातीला वापरायची परवानगी बारीक अक्षरात असते. मुलीचे फोटो कुणाच्या पेजवर नको असतील तर सही करायच्या आधी ती ओळ खोडायला सांगा. बहुतेक जण खळखळ न करता खोडतात.

आणखी एक विचारा: कॅमेऱ्यात कार्डं किती? दोन कार्डं घेणारा कॅमेरा प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहू शकतो, म्हणजे एक बिघडलं तरी दुसरं आहे. माझ्याकडे एकदा एक लग्न आलं, त्यात लाजाहोमापासून पुढचं काहीच नव्हतं. कार्ड एकच होतं, ते गेलं. त्या मुलीच्या अल्बममधली सप्तपदी मी पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून लावली. पानं भरली, पण मोबाइलच्या फोटोंना मोठ्या आकारात धार कुठून येणार? तेव्हा काम झाल्यावर आठवड्याभरात सगळ्या फोटोंची प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर मागून घ्या. अल्बम मागाहून येऊ दे.

आता पैसे. दोन माणसं, दोन दिवस, त्यांच्या लेन्स, लाइट, मग आठवडेच्या आठवडे निवड आणि रंग सावरणं, अल्बमची छपाई, हे सगळं धरलं की आकडा मोठा दिसणारच. कमी करायचाच असेल तर कुठून, ते सांगते. ड्रोन काढा. कार्यालयाला छत असतं. वरून दिसतो तो पत्रा आणि पार्किंगमधल्या गाड्या. विमानतळाच्या जवळपास कार्यालय असलं तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे परवानगीचं लचांड आणखी. प्री-वेडिंगबद्दल माझं मत विचारू नका असं म्हणणार होते, पण सांगतेच. तोच घाट, तीच पायरी, तोच धुराचा रंगीत डबा; माझ्याकडे एका हंगामात इतक्या जोड्या येतात की फाइलला नाव दिलं नाही तर कोण कोणाचं ते मला सांगता येणार नाही. दोघांना हौस असेल तर जरूर करा. मात्र त्यासाठी लग्नातला दुसरा फोटोग्राफर कापू नका.

अल्बमला उशीर होतो म्हणून फोटोग्राफरच्या नावाने खडे फोडतात, त्यात निम्म्या वेळा फोटो घरीच पडलेले असतात. दोन हजारांतून दीडशे निवडायचे आणि निवडायला बसतात सात जण. पहिले काही दिवस उत्साह असतो, मग पेन ड्राइव्ह टीव्हीला लावलेला तसाच राहतो आणि सहा महिन्यांनी मला फोन येतो, "अजून झालं नाही?" नवरा-नवरीने बसावं, दोन्हीकडच्या आयांनी फक्त "अमुक राहिला" एवढं सांगावं, आणि एका महिन्यात यादी द्यावी.

आणि फोटोग्राफरच्या जेवणाचं आधी ठरवा. सकाळी सहापासून उभे असतात ते. त्यांना शेवटच्या पंगतीला बसवलं तर ते नेमके झालीच्या वेळी पानावर असतात, आणि मुलीची आई वरपक्षाच्या डोक्यावर दिव्यांची झाल ठेवते तेव्हा समोर कॅमेरा नसतो. केटररला सांगून त्यांची पानं पहिल्या पंगतीला, आळीपाळीने मांडायला लावा.