वोलो बॉग: तरंगत्या जंगलातून तळ्याकडे

शिकागोच्या वायव्येला, गाडीने साधारण तासाभरावर वोलो बॉग आहे. बॉग म्हणजे शेवाळाने भरत चाललेली दलदल. तळं बघायला म्हणून जाल, तर आधी भरपूर झाडीच बघावी लागते. पाणी उरलंय ते अगदी मधोमध, एवढंसं.

शेवटच्या हिमयुगात मागे हटणाऱ्या हिमनदीतून बर्फाचा प्रचंड तुकडा सुटला, दगडगोट्यांत गाडला गेला आणि सावकाश वितळला. राहिलेल्या खड्ड्याचं हे तळं. पाण्याला वाहून जायला धड वाट नव्हती. साधारण ६,००० वर्षांपूर्वी काठावरची वनस्पती आत सरकू लागली, ती अजून सरकतेच आहे. त्यामुळे अर्ध्या मैलाच्या फळ्यांच्या वाटेने काठाकडून आत जाताना आपण तळ्याच्या भूतकाळात शिरत जातो.

सुरुवातीला पाणकणसं, मग दाट झुडपं. ऑक्टोबरमुळे एक झुडूप लालभडक झालेलं. फोटो काढा, हात लावू नका! तो पॉयझन सुमॅक, बिब्ब्याच्या कुळातला, आणि बिब्ब्यासारखाच उततो. पुढे टॅमरॅकची झाडं. सूचीपर्णी असूनही यांची पानं गळतात. त्याआधी सगळं रान पिवळंधमक होतं. ही झाडं उभी आहेत ती जमीनच नव्हे, पाण्यावर तरंगणारी मुळांची आणि शेवाळाची गोधडी आहे. समोरून शाळेची सहल धावत आली, तेव्हा फळ्यांबरोबर आम्हीही डुललो.

या सगळ्याचा कर्ता स्फॅग्नम शेवाळ. ते पाण्यातली खनिजं घेतं आणि बदल्यात पाणी आम्लधर्मी करतं. मग कुजणं मंदावतं, मेलेल्या वनस्पतींचे थर साचत जातात आणि नत्राचा दुष्काळ पडतो. म्हणून तर इथली घटपर्णी कीटक खाते. बुटकी, जांभळट, पानांच्या सुरयांत पावसाचं पाणी भरलेलं. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो.

१९५८ मध्ये वर्गणी गोळा करून ही जागा विकत घेतली गेली, १९७० मध्ये ती राज्याकडे आली. संरक्षण आहे ते तळ्याला भरून येण्यापासून नव्हे. ते भरणारच, आणि भरू द्यावं हेच मला पटतं. राखायची आहे ती त्याची स्वतःची संथ गती.

ऑर्किड बघायचे असतील तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला जा. फळ्यांच्या वाटेवर कुत्र्यांना मनाई आहे. फळी सोडून खाली पाय टाकू नका. बुटासाठी नव्हे, शेवाळासाठी.