अंगात ताकद आल्यावर

रविवार, रात्री

व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होणाऱ्याला धास्ती असते ती पहिल्या चार-पाच दिवसांची. त्या दिवसांसाठी औषधं आहेत, रात्री उठून बघणारी माणसं आहेत. माझ्या मते कस लागतो तो त्यानंतर.

तरी सुरुवातीला एक गोष्ट पेशंटच्याच हातात असते, ती म्हणजे खरं सांगणं. शेवटची कधी घेतली, रोज किती, जोडीला झोपेच्या गोळ्या होत्या का, पूर्वी कधी फिट आली होती का. लाजेपोटी प्रमाण निम्मं सांगितलं की औषधही कमी पडतं. दारू थांबल्यावर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिट यायची तर बहुधा पहिल्या ४८ तासांत. भास आणि आपण कुठे आहोत हेच न कळणं, हा जिवावरचा प्रकार ४८ ते ९६ तासांत डोकं वर काढतो. त्यामुळे ‘दोन दिवस निभावले, आता गोळ्या नकोत’ हा हट्ट चालू देऊ नये.

त्रास किती आहे याची तपासणी साधीच दिसते. नर्स दोन्ही हात पुढे ताणून बोटं फाकवायला सांगते. थरथर डोळ्यांना दिसली नाही तर आपल्या बोटांची टोकं पेशंटच्या बोटांना टेकवते, तिथे ती कळते. अशा दहा मुद्द्यांना मिळून जास्तीत जास्त ६७ गुण, आणि दर काही तासांनी पुन्हा तेच. ‘झोपूही देत नाहीत’ ही तक्रार हमखास येते, पण डोस वाढवायचा की उतरवायचा हे त्यावरच ठरतं. थायमिनच्या (व्हिटॅमिन बी१) इंजेक्शनला पेशंट फारशी किंमत देत नाहीत, सलाईन लागलं की खूश. पण थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

हेरॉइन किंवा तसल्या नशेत घाई नडते. ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ओढ आणि त्रास कमी करणारी गोळी, जिभेखाली ठेवायची ती त्रास नीट सुरू झाल्यावरच. नशा अंगात असताना घेतली तर ती आधीच्या नशेला मेंदूतल्या जागांवरून ढकलून लावते, आणि हळूहळू वाढणारा त्रास एकदम उसळतो. मग पेशंट म्हणतो, औषधच बाधलं! गोळी पूर्ण विरघळू द्यायची. गिळली की बरीचशी वाया.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भूक लागते, चेहरा खुलतो आणि ‘मी ठीक आहे, घरी सोडा’ सुरू होतं. झोप मात्र बसलेली नसते. ती काही महिने तुटक राहू शकते, आणि हे आधी सांगितलं नसेल तर माणूस तिथेच खचतो. ग्रुपमध्येही बोलणं याच काळात गुळगुळीत होतं. ‘घेणार नाही म्हणजे नाही!’ चांगला समुपदेशक यावर शाबासकी देत बसत नाही. तो विचारतो, पगाराच्या दिवशी संध्याकाळी कुठे असशील? फोनमधले कोणते नंबर आज काढतोस? तल्लफ आली तर पहिला फोन कुणाला, आणि त्याने उचलला नाही तर? उत्तरं वहीत उतरवून घ्यायची.

काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, ओढ तशीच राहते. हेरॉइनसारख्या नशेत बाहेर पडल्यावरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच फार धोक्याचे. जुन्या मापाने घेतलेला डोस तेव्हा जीव घेतो. ‘गोळ्यांवर जगणं म्हणजे व्यसनच की’ म्हणत ब्युप्रेनॉर्फिन सोडायला लावणारे नातेवाईक हा धोका नकळत वाढवतात. (त्यांचा रागही येतो आणि कीवही.) नॅलोक्झोन (अशा जादा डोसवरचा उतारा) मिळत असेल तर घरात ठेवावं आणि ते कसं द्यायचं हे घरच्यांनी शिकून घ्यावं.

दारूसाठी डायसल्फिराम (वर दारू घेतली की अंगावर उलटणारी गोळी) दिलं असेल तर शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय सुरू करायचं नाही. गोळी थांबवल्यावरही १४ दिवसांपर्यंत दारू घेतली तर रिअॅक्शन येऊ शकते. खोकल्याच्या औषधात आणि माउथवॉशमध्ये अल्कोहोल आहे का, हे बाटलीवर वाचून घ्यायचं. पेशंटच्या नकळत ही गोळी जेवणात मिसळणं तर जिवाशी खेळ आहे.

डिस्चार्जच्या कागदावर नुसतं ‘गरज पडल्यास यावे’ लिहिलेलं असेल तर तिथेच थांबून आठवड्याच्या आतली तारीख आणि वेळ लिहून मागावी.