कूलर बंद करून ऐकायचं गाणं

समोरचे भाऊ आणि वहिनी जूनमध्ये लेकीकडे व्हिएन्नाला जाणार आहेत. लेकीनं ऑपेराची, म्हणजे तिकडच्या गाऊन करायच्या नाटकाची, तिकिटं आधीच काढून ठेवली आणि फोनवर बजावलं, ‘बाबा, जरा माहिती करून या.’ आमच्या कॉलनीत ऑपेरा पाहिलेला माणूस मी एकटाच. तोही एकदाच पाहिलेला, आणि तोही मुलगा तेव्हा तिकडे नोकरीला होता म्हणून. पण तज्ज्ञ व्हायला नागपुरात एवढं पुरतं. भाऊ संध्याकाळी वही घेऊन हजर झाले. पहिल्या पानावर ‘ऑपेरा’ लिहून खाली दोन रेघा मारलेल्या.

वहिनींचा पहिला प्रश्न, ‘पैठणी चालते का हो?’

चालते. धावतेसुद्धा. तिथे काळ्या सुटातले आजोबा असतात आणि त्यांच्या शेजारी जीन्समधली पोरं. हाफ पँट आणि चपला तेवढ्या नको. कोट, छत्र्या, मोठ्या पिशव्या दारातच जमा करायच्या. कपड्यांची काळजी लोक उगाच करतात, काळजी करायची ती पायांची. आमची तिकिटं उभ्यानं पाहायची होती. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभं राहणाऱ्यांसाठी खास जागा आहे. ओळीनं कठडे असतात, त्यांना रेलून पाहायचं. जागा स्वस्त असते, आवाज उत्तम पोचतो आणि पोटऱ्यांचं मात्र काही खरं नसतं. आत शिरल्याबरोबर मुलानं गळ्यातला मफलर काढून कठड्याला बांधला आणि म्हणाला, ‘झाली आपली जागा. आता बाहेर फिरून येऊ.’ मी पाहतो तर सगळ्या कठड्यांना रुमाल, स्कार्फ, मफलर बांधलेले. आपल्या एस.टी.च्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तेच. आजोळी वडशाकडे झाडीपट्टीचं नाटक असलं की आम्ही पोरं दिवेलागणीलाच पोती अंथरून जागा धरायचो. रात्री दहाला आजी घोंगडी घेऊन यायची आणि पहाटेपर्यंत त्या पोत्यावरून हलायची नाही. त्या कठड्याशी मला पहिल्यांदा वाटलं, की हे काही अगदीच परकं नाही.

भाऊंनी वहीत लिहिलं, ‘रुमाल.’ त्यांची तिकिटं खुर्चीची आहेत हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांना पाहायचाय ‘तोस्का’. मीही तोच पाहिला होता. इटालियन संगीतकार पुच्चिनीचा, १९०० साली रोममध्ये पहिल्यांदा झालेला. व्हिएन्नात त्याची जी मांडणी चालते ती १९५८ पासूनची आहे. माझा जन्मही त्याच वर्षाचा. पडदा उघडल्यावर तो सेट पाहून मला जरा बरं वाटलं, ह्याचं अजून काम सुरू आहे म्हणून. मी गोष्ट सांगायला लागलो. रोम शहर, साल १८००, एक चित्रकार, त्याच्यावर जीव टाकणारी एक गायिका आणि तिच्यावर डोळा असलेला पोलीसप्रमुख. वहिनी लगेच, ‘बाप्पा, शेवट नका सांगू हो!’

मी शेवटच आधी सांगितला. ती किल्ल्याच्या तटावरून उडी मारते. चित्रकार आणि पोलीसप्रमुख त्याआधीच गेलेले असतात. वहिनींचा चेहरा उतरला. पण ‘सौभद्र’ पाहायला कधी कोणी अर्जुनाचं लग्न होतं की नाही हे कळायला गेलं होतं का? गोष्ट घरून पाठ करून जायची, म्हणजे तिथे कान मोकळा राहतो. पुढे छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजीत ओळी उमटतात, पण त्याच्या नादी फार लागू नये. मी लागलो. ती तिकडे रडत होती आणि मी इकडे वाचत होतो.

हे सगळं दहा मिनिटांत झालं. खरी अडचण पुढे होती, आणि ती सांगायची तर मला माझी फजिती सांगावी लागणार होती.

दाद देणं हा माझा स्वभाव आहे. वसंतराव देशपांडे सभागृहात मी मागच्या रांगेतून दिलेली दाद स्टेजवर पोचते, असं लोक म्हणतात. कौतुकानं म्हणतात, असा माझा समज आहे. तर दुसऱ्या अंकात ती गायिका एकटीच देवाला विचारते, की मी कोणाचं वाईट केलं नाही, मग माझ्याच वाट्याला हे का. गाणं चार मिनिटांचंही नाही. ती वर चढत गेली, एका जागी आवाज बारीक करून तसाच धरला, आणि माझ्या तोंडून ‘क्या बात है!’ निघून गेलं.

पुढचा माणूस वळला. रागानं नाही, काळजीनं. मला काही होतंय की काय, असं त्याला वाटलं असावं. मुलानं माझ्या हातावर हात ठेवला, तो गाणं संपेपर्यंत काढला नाही. गाणं संपलं तसं अख्खं थिएटर फुटलं. टाळ्या, आरोळ्या, पाय आपटणं. तोच पुढचा माणूस ‘ब्रावा’ म्हणून ओरडत होता. म्हणजे दाद त्याच्याकडेही होती. माझी तेवढी मध्येच सुटली, त्याची तुंबून आली.

(बाईला ‘ब्रावा’, बाप्याला ‘ब्रावो’, दोघांना मिळून ‘ब्रावी’. इटालियन बायकांचं ‘शाब्बास’ वेगळं असतं, हे वहिनींना फार आवडलं.)

भाऊ म्हणाले, ‘म्हणजे वाह पण नाही म्हणायचं? मग माणूस गेला काऊन तिथे?’

मी म्हटलं, भाऊ, तिथे माइक नसतो. समोर खड्ड्यात साठ-सत्तर वाद्यं वाजत असतात आणि त्यांच्यावरून नुसत्या गळ्याचा आवाज वरच्या माळ्यापर्यंत जातो. त्यात आपला एक शब्द म्हणजे दुधात खडा. खोकल्याची गोळीसुद्धा आधीच सोलून ठेवायची. कागद हळूहळू सोलला की जास्त वेळ वाजतो. आवळा सुपारीच्या डबीचं झाकण तर उघडूच नका. फोन बंद, म्हणजे बंदच. वळवळणारा चालत नाही.

हे मी ठासून सांगितलं खरं, पण रात्री अंथरुणावर माझंच मला पटेना. बालगंधर्वांच्या ऐन उमेदीतही माइक नव्हता. आणि तेव्हा आपल्याकडे पदापदाला ‘वन्स मोअर’ पडत होते, लोक पहाटेपर्यंत बसत होते. मग माइक नसण्याचा आणि गप्प बसण्याचा संबंध काय? तसा नाहीच. ऑपेरातले लोकही कधी काळी गप्प नव्हते. इटलीत बॉक्समध्ये बसून खाणंपिणं, गप्पा, पत्ते सगळं चालायचं, दिवे चालू असायचे. पॅरिसमध्ये तर टाळ्या वाजवायला पैसे देऊन माणसं बसवत. मग वाग्नर ह्या जर्मन संगीतकारानं १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला स्वतःचं थिएटर उघडलं, तिथे प्रेक्षागृह अंधारात ठेवलं आणि वाद्यवृंद स्टेजखाली दडवला. १८९७ मध्ये महलर हा संगीतकार व्हिएन्नाच्या ऑपेराचा प्रमुख झाला. त्यानं भाडोत्री टाळीवाल्यांना बंदी केली आणि उशिरा येणाऱ्यांना दारात अडवायला सुरुवात केली. म्हणजे ही शांतता सव्वाशे-दीडशे वर्षांची. कोणीतरी हट्टानं लावलेली सवय आहे ती.

उशिरा येणाऱ्यांचं मात्र मला महलरसारखंच वाटतं. आपल्याकडे पत्रिकेवर सहा लिहितात, साडेसहाला दीपप्रज्वलन, सातला शाल-श्रीफळ, आणि राग जरा कुठे उलगडायला लागतो तेव्हा मोबाइलचा टॉर्च पाडत एक कुटुंब येतं, ‘थोडं सरकता का?’ तिकडे दार लागलं की लागलं. मध्यंतरापर्यंत बाहेरच्या टीव्हीवर पाहा. त्यामुळे तासभर आधी निघा, आधीच थोडं खाऊन घ्या आणि घंटा व्हायच्या आत ‘जाऊन’ या. मध्यंतरात बायकांची रांग जिन्यापर्यंत असते.

‘वन्स मोअर’ तिकडे जवळजवळ मेलेला आहे, पण पुरता नाही. २०१६ मध्ये व्हिएन्नातच, ह्याच ‘तोस्का’त, चित्रकाराचं काम करणाऱ्या योनास काउफमाननं तिसऱ्या अंकातलं गाणं लोक सोडेनात म्हणून पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा गाणं संपलं, वाद्यं पुढे गेली, पण नायिका स्टेजवर आलीच नाही. तेव्हा त्यानं चालीतच गाऊन टाकलं, की आमच्याकडे सोप्रानो (उंच आवाजाची गायिका) नाही! लोक पोट धरून हसले. हे ऐकून भाऊंना पहिल्यांदा ऑपेराबद्दल आपुलकी वाटली. त्याहून जास्त आपुलकी वाटली ती ह्या बातमीनं, की वसंतात आणि जूनमध्ये आतला खेळ बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर फुकट दाखवतात. ‘मग तिकीट काऊन काढलं पोरीनं?’

शेवटी वहिनींनीच सुचवलं, की एकदा सराव करू. रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये जमलो. बाहेर पंचेचाळीस डिग्री. पडदे ओढले, फोन डब्यात घातले, टीव्हीवर दुसरा अंक लावला. दोन मिनिटांत कळलं, की कूलरपुढे तोस्काचं काही चालत नाही. नागपुरी कूलरशी सत्तर वाद्यांनीही स्पर्धा करू नये. मी उठून तो बंद केला.

एकदम इतकं शांत झालं की वाळ्यातून टपटपणारं पाणी ऐकू यायला लागलं. मग तेही थांबलं. ती गायला लागली. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. भाऊंच्या कानामागून घामाची धार निघाली, पण त्यांनी रुमालाला हात लावला नाही. तो बारीक होत जाणारा सूर आला, आणि मी दोन्ही ओठ दातांखाली दाबून बसलो.

गाणं संपलं. टाळी कोणी आधी वाजवायची, ह्याची वाट पाहत आम्ही तिघंही तसेच.

‘आता लावू का?’ भाऊंनी अगदी हळू विचारलं. ‘कूलर.’