उलटी चढवलेली दोरी

जुनं धनुष्य हाती लागलं की लोक मला फोटो पाठवतात आणि खाली एकच प्रश्न लिहितात: "असं कधी पाहिलं नव्हतं. दुर्मीळ आहे का हो?" आजवर मी याचं उत्तर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं देत आलो. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सलग लिहितो.

आधी एक विनंती. ते ओढून बघू नका. माझ्याकडे इंग्रजी पद्धतीचं एक लाकडी धनुष्य होतं. टोकांना शिंगाच्या टोप्या, मुठीवर मूळ कापड, मुठीजवळ ताणाची, म्हणजे ओढायला लागणाऱ्या जोराची, संख्या ठोकलेली. मी दोरी चढवली, जेमतेम अर्ध्यापर्यंत ओढलं आणि वरचा लिम्ब एका आडव्या रेघेवर तुटला. (लिम्ब म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, तिरंदाज हाच शब्द वापरतात.) ती रेघ मी आधी पाहिली होती. वार्निशवरचा ओरखडा समजून सोडून दिली होती. खरं तर ती दाबानं चिरडलेल्या लाकडाची रेघ होती. आडवी रेघ कायम बोटाच्या नखानं तपासावी, हे मी त्या दिवशी शिकलो. ते दोन्ही तुकडे अजून माझ्याकडे आहेत.

आता दुर्मीळपणाचं. विचित्र दिसणारं धनुष्य बहुतेक वेळा साधंच असतं, मधल्या काळात कुणीतरी त्याला विचित्र केलेलं असतं. खरोखर वेगळ्या धनुष्याची गोष्ट निराळी. त्याच्या प्रत्येक वेगळेपणाला कारण असतं. कुणाला तरी काहीतरी अडत होतं आणि त्यानं त्यावर तोडगा काढला होता. म्हणून मी आधी कारण शोधतो.

सगळ्यात जास्त फसवते ती उलटी चढवलेली दोरी. रिकर्व्ह प्रकारच्या धनुष्याची टोकं तिरंदाजापासून दूर, लक्ष्याच्या दिशेनं वळलेली असतात. माहिती नसलेला माणूस लिम्ब ज्या बाजूला आधीच झुकलेत त्याच बाजूला दोरी बांधतो, भिंतीवर टांगतो, आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. मग मला फोटो येतो, की हा कुठला प्रकार? शिंगाच्या धनुष्यांचं तर आणखी वाईट होतं. तुर्की किंवा मुघल पद्धतीचं धनुष्य दोरी काढली की खेकड्याच्या नांग्यांसारखं आत वळतं, कधीकधी टोकाला टोक लागेपर्यंत. ते चढवायचं म्हणजे पूर्ण उलट्या दिशेनं वाकवायचं. पाहणाऱ्याचा यावर विश्वासच बसत नाही आणि तो त्या गोलाच्या दोन टोकांना दोरी बांधून मोकळा होतो. इथे थर बघा. शिंग दाब सोसतं, म्हणून ते तिरंदाजाच्या बाजूला. जनावराच्या कंडरांचे तंतू ताण सोसतात, म्हणून ते लक्ष्याच्या बाजूला. मधे लाकडाचा गाभा. एवढं ओळखता आलं तर सुलटं-उलटं कुणाला विचारायला नको. अनेक तुर्की धनुष्यांवर कारागिराचं नाव आणि साल असतं. ते साल हिजरी असतं. १२०० वाचून कुणी हरखून जातं, पण हिजरी १२०० म्हणजे इसवी सन १७८५-८६.

तसाच घोटाळा अमेरिकी धनुष्यांवरच्या एका ओळीचा. बेअर कंपनीच्या कितीतरी धनुष्यांवर पेटंटच्या आकड्याजवळ 'कॅनडा १९५३' छापलेलं आहे. दर काही दिवसांनी कुणीतरी मला कळवतं की त्यांना १९५३ सालचं, कॅनडात बनलेलं धनुष्य सापडलंय. ते साल कॅनडातल्या पेटंटचं आहे, धनुष्याचं नव्हे. ती ओळ पुढे साठच्या दशकातल्या धनुष्यांवरही राहिली. फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये डेट्रॉइटमध्ये काम सुरू केलं, १९४७ मध्ये कारखाना मिशिगनमधल्याच ग्रेलिंगला गेला आणि १९७८ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला. म्हणजे गावाचं नाव वाचलं तरी काळ बराच आवळता येतो. त्यापेक्षा मला मुठीतलं गोल पदक जास्त आवडतं. १९५९ पासून ते मुठीत बसवायला लागले. १९७२ पर्यंत ते धातूचं आणि लाकडाच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट. त्यानंतर प्लास्टिकचं आणि वर उचललेलं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी फरक कळतो. ताणाच्या आकड्याशेजारी इंग्रजी एक्स दिसला तर ती गुप्त खूण समजू नका. लिहिलेल्या पौंडांपेक्षा ताण थोडा जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ.

याच कंपनीनं १९५० च्या आसपास लिम्बच्या थरांत ॲल्युमिनियम घालून पाहिलं. ती धनुष्यं टिकली नाहीत. थर सुटायचे, लिम्ब मोडायचे, आणि लवकरच फायबरग्लासनं त्याची जागा घेतली. आज ती कमी सापडतात याचं कारण हेच. संग्राहक म्हणून मला ती यशस्वी मॉडेलांइतकीच मोलाची वाटतात. लाकूड हवामानाप्रमाणे बदलतं, याचं काय करायचं हा तेव्हा खराखुरा प्रश्न होता आणि त्या धातूच्या पातळ पट्टीत त्याचं एक चुकलेलं, प्रामाणिक उत्तर शिल्लक आहे.

पोलादी धनुष्यं त्याच प्रश्नाची. स्वीडनचं सीफॅब आणि इंग्लंडच्या ॲकल्स अँड पोलॉक कंपनीचं अपोलो ही त्यातली ओळखीची नावं. ॲकल्स अँड पोलॉक पोलादी नळ्या बनवायची, त्यामुळे तिनं टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पोकळ नळ्यांचे लिम्ब केले यात नवल नाही. थंडी असो वा दमट हवा, ताण तोच. पण गंज नळीच्या आतून लागतो. बाहेरचा रंग चकचकीत असतानाच लिम्ब अचानक तुटतो, आधी आवाज नाही, वाक नाही. पोलादी धनुष्य मी कधीच ओढत नाही आणि तुम्हीही ओढू नये. भारतीय उपखंडात तर शेकडो वर्षांपूर्वीच पोलादी कमानी घडवल्या गेल्या होत्या. आकार शिंगाच्या धनुष्याचा, वर सोन्याची तार ठोकून केलेलं कोफ्तगरी काम, आणि काही मधोमध आटे फिरवून दोन भागांत सुटणाऱ्या. बाण फेकायला शिंगाचं धनुष्य जास्त चांगलं, पण त्याचे थर चिकटवणारा सरस ओलाव्यात सुटतो, किडे शिंग पोखरतात. पोलादी कमान शस्त्रागारात कितीही काळ तयार राहू शकत होती. मुठीचे आटे पाहून ती नंतरची दुरुस्ती समजणारे लोक मला भेटलेत. ती दुरुस्ती नाही, मूळची सोय आहे.

लाकडी धनुष्याचा आडवा छेदही बोलतो. एका बाजूनं गोल, एका बाजूनं सपाट असा जाड छेद इंग्रजी परंपरेचा. १९३० च्या दशकात क्लॅरन्स हिकमन आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी मोजमापं घेऊन दाखवलं की चपटा, आयताकृती छेद ताण जास्त सारखा वाटून घेतो, आणि त्यानंतर अमेरिकी धनुष्यं रुंद व चपटी होत गेली. अर्थात चपटं म्हणजे नवं, असं धरून चालू नका. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या अनेक धनुष्यांचे लिम्ब आधीपासून चपटेच होते. युमी या जपानी धनुष्याची मूठ मध्याच्या बरीच खाली असते. ते धनुष्य तुटलेलं नसतं, तसंच असतं.

लोक कचऱ्यात टाकतात ते मात्र सुरुवातीचं कंपाउंड, म्हणजे चाकं आणि केबली लावलेलं धनुष्य, आणि याचं मला फार वाईट वाटतं. मिसूरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ च्या अखेरीस त्यांना पेटंट मिळालं. चाकाचा आस मध्यापासून सरकवला की पूर्ण ओढल्यावर ताण कमी होतो, तिरंदाज निवांत नेम धरू शकतो. आजच्या कंपाउंडला सहसा दोन चाकं असतात. त्या पहिल्या वर्षांतल्या अनेकांना चार, कधी सहा. लाकडी मूठ, पोलादी केबली, इकडेतिकडे कप्प्या. घरच्या घरी केलेली जोडाजोड वाटते. माझ्या मते जमवायला सुरुवात करणाऱ्यानं इथूनच करावी.

फेरफार ओळखायला भोकं बघा. बुजवलेलं स्क्रूचं भोक म्हणजे कुणीतरी नेमाची पट्टी बसवली होती. मुठीवरची चकाकी लिम्बपेक्षा वेगळी असेल तर पुन्हा वार्निश केलंय, आणि त्याखालचं हातानं लिहिलेलं शाईचं अक्षर बहुधा गेलंय. म्हणून घासू नका, कोरड्या मऊ कापडानं पुसा, बस. फायबरग्लासचं रिकर्व्ह तपासून धडधाकट निघालं आणि तुम्हाला वापरायचंच असेल, तर दोरी डेक्रॉनची, म्हणजे थोड्या ताणल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची, घ्या. आजच्या न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यांचा धक्का जुन्या टोकांना सोसत नाही, खाच फाटते. ठेवताना दोरी उतरवून आडवं ठेवा. कोपऱ्यात एका टोकावर उभं केलं की खालचा लिम्ब पीळ धरतो. तापलेल्या गाडीत तर तासभरही नको.

फोटो पाठवाल तेव्हा पूर्ण धनुष्य बाजूनं, दोन्ही टोकं जवळून, मुठीच्या दोन्ही बाजू आणि लिम्बच्या कडेवरचे थर, एवढं पाठवा. अक्षरांवर तिरपा उजेड पडू द्या. आणि धनुष्याबरोबर जुनी पिशवी, बोटांचं कातडी कव्हर, दोरीचा तुकडा किंवा पावती असं काहीही असेल तर ते फेकू नका, त्याचाही फोटो काढा.