दादाच्या खांद्याला झेपेल ती रायफल

कोलोरॅडोतल्या माझ्या आतेभावाला यंदा म्यूल डिअर आणि त्याहून बरंच मोठं एल्क, या दोन्ही हरणांच्या शिकारीचे परवाने मिळालेत. रायफल मात्र एकच घ्यायची आहे. दुकानदार थ्री हंड्रेड विनमॅग या दणकट काडतुसाचीच घ्या म्हणून मागे लागलेला. दादाने फोन मला केला, कारण मी बारा वर्षं वरळीच्या रेंजवर पॉइंट टू टू ही हलकी रायफल चालवते. मी कधी शिकार केलेली नाही, आपल्याकडे ती १९७२च्या कायद्याने बंदच आहे. पण खांद्याला बसणारा धक्का मला कळतो.

विनमॅगची ताकद खरी आहे. २०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण २,८५० फुटांनी सुटते आणि तीनशे किलोच्या एल्कला लांबूनही पुरते. पण धक्का सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोअर या सौम्य काडतुसाच्या जवळपास दुप्पट. दादाने मित्राच्या विनमॅगवर सराव करतानाचा व्हिडिओ पाठवला. वहिनीला मी आधीच सांगून ठेवलं होतं, मध्येच एक डमी, म्हणजे दारू नसलेलं काडतूस भर, त्याला कळू देऊ नकोस. चाप ओढला, बार झालाच नाही, तरी धक्क्याच्या धास्तीनेच नळीचं टोक चांगलं बोटभर खाली गेलं आणि दादाचे डोळे मिटले. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. अशी गोळी छातीत न लागता पोटात लागते, आणि ते जनावर दिवसभर तडफडत डोंगर चढतं. हे मला सहन होत नाही.

म्हणून मी क्रीडमोअर सांगितली. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान ६ मिलिमीटरची नळी आणि ८५ ग्रेनची गोळी लागते, ते यात सहज बसतं. एल्कसाठी १,५०० फूट-पाउंड ऊर्जा हवी असा शिकाऱ्यांचा ठोकताळा आहे. १४३ ग्रेनच्या गोळीची ऊर्जा चारशे यार्डांच्या थोडं अलीकडेच त्याखाली उतरते. तेव्हा एल्कला तीनशेच्या पुढे चाप ओढायचा नाही, एवढं दादाकडून कबूल करून घेतलं. गोळीही जाड हाड फोडून आत जाणारी, फुलणारी पण तुकडे न होणारी घे म्हटलं. लांबच्या नेमासाठी वाऱ्याचा अंदाज यायला वर्षं जातात, त्याला यंदा तेवढा वेळ नाही.

दुकानदार नाराज झाला म्हणे. होऊ दे.

काल दादाने फोटो पाठवला. तीनशे यार्ड, पालथं झोपून पाच गोळ्या. पाचही भोकं वहिनीच्या तळहाताखाली झाकली गेली होती.