आमची वाटचाल : सीटबेल्ट न सोडता हाती येणारी टॉर्च

वरोरा-चिमूर रस्त्यालगत आमचं छोटं वर्कशॉप आहे. मूळ काम कॅरिअर, टो-हूक आणि गाडीच्या पोटाखालच्या प्लेटांचं. सीटबेल्ट न सोडता हात पोचेल अशी गाडीत टॉर्च बसवायचं काम याच गिऱ्हाइकांकडून आलं. रात्रपाळीची वीज आली की पांदणीने वावरात जाणारे बोलेरो कॅम्परवाले, ताडोब्याच्या कोलारा आणि नवेगाव गेटवरच्या जिप्स्या, एटापल्ली-भामरागडकडे जाणाऱ्या थार. टॉर्च प्रत्येकाकडे होती, पण ग्लोव्हबॉक्समध्ये, सीटखाली, नाहीतर दाराच्या कप्प्यात. गाडी काळ्या मातीत फसून एका अंगावर कलली की दाराच्या कप्प्यातलं सगळं घरंगळतं. सीटखालची टॉर्च उतारावर पुढे सरकते आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकते. हा धोका अंधारापेक्षा मोठा.

सुरुवात पीव्हीसी पाइपपासून झाली. ठिबकच्या कामातून उरलेला ४० मिलिमीटरचा तुकडा, उभी चीर पाडलेला, दोन स्क्रूंनी डॅशबोर्डला ठोकलेला. स्वस्त आणि झटपट. पण पीव्हीसी ७५ ते ८० अंशांना मऊ पडतं, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, काचेमागचा डॅशबोर्ड थेट उन्हात त्याच्या जवळपास तापतो. पाइपची चीर रुंदावली की पकड गेली. नंतर थ्रीडी प्रिंटरवर होल्डर करून घेतले. दिसायला देखणे, मापाला अचूक, पण ते पीएलए या प्लास्टिकचे होते, आणि पीएलए ६० अंशांच्या आसपासच वाकतं. एएसए हे प्लास्टिक उष्णता आणि ऊन दोन्ही चांगलं सोसतं, म्हणून टोप्या आणि स्पेसर आता त्याचे करतो. पकडीचा भार मात्र कोणत्याच प्लास्टिकवर टाकत नाही.

दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप चांगलीच घट्ट असते, पण तिच्या अटी आहेत. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेला हवा, दाब नीट द्यायला हवा आणि पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. आपल्याकडे डॅशबोर्डला चकाकीचं सिलिकॉन पॉलिश मारण्याची हौस फार. त्या थरावर टेप टिकत नाही. शिवाय डॅशबोर्डचं प्लास्टिक खडबडीत असतं, टेप फक्त उंचवट्यांना टेकते. वेल्क्रोचे आकडे काळ्या मातीच्या धुळीने एका हंगामात भरून जातात. चुंबक प्लास्टिकला चिकटत नाही, ३०४ स्टेनलेसला जवळपास नाहीच, आणि नेहमीच्या प्रतीचं निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचं दुबळं होतं. टॉर्चच्या बुडाशी चुंबक असेल तर बोनेट उघडल्यावर तो कामाचा. चालत्या गाडीत त्याच्या भरवशावर टॉर्च ठेवू नये.

पोलादी स्प्रिंग क्लिप बराच काळ दिली. तिची पकड एकाच व्यासाला जमते. टॉर्च दोन मिलिमीटर बारीक निघाली की खडखडाट सुरू, आणि मग त्याच जागी घासून ॲल्युमिनियमचा रंग उडतो.

शेवटी रबरी पट्ट्याच्या क्लॅम्पवर आलो आणि तिथेच थांबलो. खाली बोल्टने घट्ट बसणारी बैठक, वर ताणून आकड्यात अडकवायचा पट्टा, पट्ट्याला अंगठ्याने ओढायची जीभ. रबर ताणलेलं राहतं म्हणून हादरा तेच खातं आणि टॉर्च वाजत नाही. रबर ईपीडीएमचं घेतो, कारण ते ऊन सोसतं. त्याचा वैरी एकच, ऑइल आणि डिझेल. वर्कशॉपचा तेलकट हात रोज लागला तर ते फुगतं आणि ढिलं पडतं, म्हणून साबणाच्या पाण्याने धुवायचं. खर्च करायचा नसेल तर ट्रकच्या जुन्या ट्यूबची दीड इंची कडीही चालते. ती ब्यूटाइल रबरची असते आणि साध्या रबर बँडसारखी उन्हाने लवकर चिरत नाही.

टॉर्चला क्लॅम्प दोन हवेत, एक नाही. एकाच क्लॅम्पमध्ये ती ब्रेक मारताना पुढे सरते आणि खडबडीत रस्त्यावर हळूहळू फिरते. दीडशे मिलिमीटरच्या टॉर्चला दोन क्लॅम्पच्या मध्यांमधलं अंतर ७० ते ८० मिलिमीटर ठेवतो. पट्टा सरळ नळीवर यायला हवा. डोक्यावर नको, बटणावर तर मुळीच नको. बटण बाहेरच्या बाजूला, टॉर्च उचलताना अंगठा जिथे पडतो तिथे. शक्य असेल तर टॉर्च गाडीच्या लांबीला आडवी ठेवतो, म्हणजे ब्रेकचा झोका तिला पट्ट्यातून सरकवत नाही. हा आग्रह उगाच नाही. मोठ्या धडकेत वस्तूवर तिच्या वजनाच्या वीस-तीस पट जोर येऊ शकतो. ३०० ग्रॅमची टॉर्च तेव्हा सहा ते नऊ किलोच्या गोट्यासारखी सुटेल.

जागेचा प्रश्न सर्वांत अवघड आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. गिऱ्हाईक गाडी उभी असताना हात लांबवून ‘इथे लावा’ म्हणतं, तेव्हा सीटबेल्ट सैल असतो. पण सीटबेल्टचं रीळ झटका बसला की लॉक होतं, आणि गाडी जास्त कलली तरीही होतं. म्हणजे टॉर्च खरोखर लागते त्याच वेळी खांदा पुढे जात नाही. म्हणून आम्ही चालकाला सीटवर नीट बसवतो, सीटबेल्ट झटक्याने ओढून लॉक करतो आणि डोळे मिटून हात न्यायला सांगतो. दहापैकी दहा वेळा बोटं थेट टॉर्चवर पडली तरच तिथे खूण करतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या हाताची जागा निवडलेली बरी. उजवं दार झाडाला किंवा धुऱ्याला टेकलं तर त्या बाजूला कोपर हलवायलाही जागा राहत नाही.

बहुतेक गाड्यांत दोन जागा जमतात. एक, चालकाच्या सीटच्या डाव्या अंगाला, गिअरच्या मागे. इथे ऊन लागत नाही, पण खाली गिअरबॉक्स असतो. तासभर गाडी चालवून पत्र्यावर तळहात ठेवायचा. ठेववत नसेल तर जागा बदलायची. दुसरी, उघड्या गाडीत खांद्याजवळचा रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर माणसांना वाचवणारी पोलादी नळी. बारला भोक पाडू नये, वेल्डिंग तर अजिबात करू नये, त्याने बार कमजोर होतो. दोन अर्धगोल पट्ट्या, मध्ये ३ मिलिमीटरची रबरी शीट आणि दोन बोल्ट, एवढं पुरतं. सीटबेल्टच्या बोल्टखाली कसलीही पट्टी घालत नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी. थार रॉक्स आणि जिम्नीत सहा एअरबॅग असतात. काचेजवळचा खांब, छताची कड, सीटच्या पाठीची दाराकडची बाजू आणि डॅशबोर्डवरचं एअरबॅगचं झाकण या जागा पूर्ण वर्ज्य. एअरबॅग उघडली तर तिथली टॉर्च तोंडावर येते.

भोक पाडण्याआधी गालिचा उचलून मागे काय आहे ते बघणं आलंच: वायरिंग, ब्रेकची नळी, डिझेलची नळी. ड्रिलच्या बिटवर पाइपचा तुकडा चढवून टोक ८ मिलिमीटरच उघडं ठेवतो, म्हणजे ते घुसून फार पलीकडे जात नाही. मागून हात पोचत असेल तर ५.५ मिलिमीटरचं भोक, एम५ बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉन नट. पोचत नसेल तर ७ मिलिमीटरचं भोक आणि एम५ रिव्हेट नट (पुढूनच बसवता येणारा नट). नंतर कीस पूर्ण काढायचा, नाहीतर पहिल्या पावसात त्याचेच गंजाचे ठिपके पडतात. भोकाच्या कडेला झिंक प्रायमरचे दोन हात, वाळू द्यायचं, मग बोल्ट. रिव्हेट नटच्या बोल्टला निळं थ्रेड-लॉकर, म्हणजे आटे सुटू न देणारा गोंद. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहायचा. रबरी शीट या काळात दबते आणि बोल्ट ढिला वाटतो.

टॉर्च कोणती घ्यावी, याचं उत्तर गाडी कुठे उभी राहते त्यावर ठरतं. १८६५० मापाचा लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांपर्यंत चार्ज करायचा आणि ६० पर्यंत वापरायचा असतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीच ४५ च्या वर जाते, बंद गाडीत तर बोलायलाच नको. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला आम्ही एए सेलची टॉर्च सुचवतो, निकेल-मेटल हायड्राइड किंवा एकदाच वापरायच्या लिथियम सेलची. साधे अल्कलाइन सेल, त्यातही जुने-नवे मिसळलेले, आतून गळतात आणि पांढरी भुकटी धरून टोपी जाम करतात. ती भुकटी अल्कली असते, थोड्या व्हिनेगरने सुटते. सुटे सेल नाण्या-किल्ल्यांबरोबर ठेवले तर शॉर्ट होतात, म्हणून ते प्लास्टिकच्या डबीतच हवेत.

धक्क्याने बटण दाबलं जाऊन टॉर्च रात्रभर जळत राहते, ही नेहमीची तक्रार. मागची टोपी पाव आटा सैल केली की आट्यांवर वीज न वाहणारा थर असलेल्या बहुतेक ॲनोडाइज्ड टॉर्चमध्ये सर्किट तुटतं. टोपी आणि नळीवर एक रेघ मारून ठेवली तर अंधारातही किती फिरवायचं ते हाताला कळतं. रेघ नखाला लागेल अशी कोरलेली असावी. गिऱ्हाईक ‘रेडियम लावा’ म्हणतं तेव्हा फरक समजावून सांगतो. रेडियमची पट्टी दुसऱ्याचा प्रकाश परत फेकते, अंधारात ती दिसत नाही. दिवसा उजेड पिऊन रात्री चमकणारी पट्टी वेगळी. सीटच्या आडोशाला उजेडच पोचत नाही, म्हणून तिथे तीही निकामी ठरते. रोल बारवर चालते.

धारणी, एटापल्लीसारख्या लांबच्या गावांना संच पार्सलने पाठवतो. त्यासाठी तीन मापं लागतात: टॉर्चच्या नळीचा घेर, सेलसकट वजन आणि डोक्यापासून बटणापर्यंतचं अंतर. घेर दोऱ्याने मोजून ३.१४ ने भागला की व्यास येतो. रोल बारवर बसवायचं असेल तर बारचाही घेर पाठवावा, पण त्यावरचं फोम काढून मोजलेला.