हापूसची थंडी: किती पुरे, किती जास्त

मुंबईत स्वेटर बाहेर निघाले की गावी कलमं असलेला प्रत्येकजण खूश होतो. थंडी पडली, आता मोहोर येणार! हे खरं आहे, पण अर्धंच. डिसेंबरची थंडी मोहोर देते आणि तीच जानेवारीत मुक्काम ठोकून बसली की धरलेली कणी, म्हणजे नुकतंच धरलेलं बारीक फळ, गळवते. एप्रिलमध्ये वाशीच्या फळबाजारात किती पेट्या उतरणार, हे बरंचसं या दिवसांत ठरतं.

हापूसला कडाका लागत नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद आहे. तितकी थंडी आंब्याच्या काही कामाची नाही. पावसाळ्यानंतर जमीन सुकलेली हवी, काडी, म्हणजे फांदीचा शेंडा, पक्व झालेली हवी आणि रात्रीचं तापमान दोनेक आठवडे १५ ते २० अंशांत राहायला हवं. तेवढ्यावर काडीवरचे डोळे (कळ्या) फुगतात आणि मोहोर फुटतो. म्हणूनच या काळात झाडाला पाणी देऊ नये. दिलं तर मोहोराऐवजी पालवी येते.

पारा १२-१३ वर उतरून आठ-दहा दिवस तिथेच राहिला की गणित बिघडतं. मोहोर दिसायला भरगच्च असतो, पण त्यात नर फुलं जास्त आणि फळ धरणारी संयुक्त फुलं कमी. पराग अशक्त होतो, परागीभवन करणाऱ्या माश्या गारठ्यात फिरत नाहीत. काही फळं फलनाशिवायच धरतात. ती सुपारीएवढी होऊन पिवळी पडतात आणि गळतात.

खरं नुकसान मात्र पुनर्मोहोराचं. थंडी लांबली की ज्या काडीवर कणी धरली आहे, तिथेच नवा मोहोर फुटतो. झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि वाटाण्याएवढी कैरी उपाशी राहून गळते. मोहोर ते काढणी हा काळ साधारण साडेतीन-चार महिन्यांचा, त्यामुळे मार्चअखेरीचा आंबा गेला आणि हाती राहिला मे महिन्याचा. भाव उतरलेला, वर पावसाचं सावट.

यावर जिबरेलिक अॅसिड हे झाडाच्या वाढीचं संप्रेरक ५० पीपीएम चालतं, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. झाड पुरेसं मोहरल्यावर एकदा आणि कणी मोहरीएवढी झाली की पुन्हा. पावडर थेट पाण्यात टाकू नका, ती नीट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळा. नवा मोहोर बाहेर पडल्यावर फवारून पैसे वाया जातात. चूक होते ती बहुतेक इथेच, कारण मुंबईतून गावी जायला शनिवार उजाडावा लागतो.

गार रात्री आणि पहाटेचं दव भुरी या बुरशीच्या रोगाला मानवतं. मोहोरावर पांढरी पूड दिसली की पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक, १० लिटरला २० ग्रॅम. ढगाळ दिवस आले तर तुडतुडे (रस शोषणारे बारीक किडे) बघा: पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी ही त्यांची खूण. फुलं पूर्ण उमललेली असताना मात्र कीटकनाशक टाळाच, आधीच कमी असलेल्या माश्या त्यात मरतात.

कणी वाटाण्याएवढी झाली की पाणी सुरू करा: दर १५ दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर, तीन-चार वेळा. बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली द्या आणि वर सुकं गवत पसरा. १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) या खताची १ टक्का फवारणी, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम, कैरी वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढी असताना करावी. थंडीनंतर ऊन एकदम तापलं तर गळ आणखी वाढते, तेव्हा हेच पाणी कैरी टिकवतं.

गावी फोन कराल तेव्हा ‘मोहोर आला का’ एवढ्यावर थांबू नका. कणी केवढी आहे आणि त्याच काडीला नवा तुरा दिसतोय का, ते राखणदाराला झाडाखाली उभं राहून बघायला सांगा.